शेजारी ठेवलेलं दार

मी दरवाजा बोलतोय. दचकू नका. रोज चार वेळा माझ्यावर थाप मारता, कडी वाजवता, घरात भांडण झालं की मलाच धाडकन आपटता, पण यालाही काही सांगायचं असेल असं तुमच्या कधी मनात येत नाही. आज जरा ऐकून घ्या.

मी सागवानी वगैरे नाही. नक्षी नाही, पितळी कडी नाही. एका कारखान्यात बाहेरदेशातून मोठं यंत्र आलं, ते ज्या खोक्यातून आलं त्या खोक्याच्या फळ्या म्हणजे मी. बाहेरच्या अंगाला पत्रा ठोकलाय, आतल्या अंगाला फळ्या तशाच आहेत. त्यातल्या एका फळीवर काचेच्या पेल्याचं चित्र छापलंय. जपून हाताळा, असा त्याचा अर्थ. मला आजवर कुणी जपून हाताळलेलं नाही, ती गोष्ट वेगळी.

मला घडवलं रहिमान सुतारानं. हा मूळचा लोणंदचा. तिथल्या वखारीतलं काम सुटलं तसा बायको नूरजहां आणि तान्ही अर्फा यांना घेऊन सांगलीला आला आणि भट्टीमाळावर राहिला. भट्टीमाळ म्हणजे पूर्वीच्या वीटभट्टीची जागा. भट्टी बंद पडली, कामगार तिथंच राहिले, मग त्यांच्या ओळखीचे आले, ओळखीच्यांच्या ओळखीचे आले. तेव्हा तो माळ गावाबाहेर होता. आता चारी बाजूंनी सहा-सहा मजले उठलेत आणि तिथल्या गच्च्यांवरून बघणाऱ्यांना आमची वस्ती मधेच कुठून उपटली असा प्रश्न पडतो.

रहिमान दिवसभर त्या इमारतींत फ्लॅटची दारं बसवायचा. त्याच्या स्वतःच्या घराला मात्र तरटाचा पडदा. मला रंधा मारत असताना नूरजहां चहा घेऊन आली आणि म्हणाली, "हे तरी आपलं का?"

"हे सुलाबाईचं. पुढचं आपलं," रहिमान म्हणाला. असं तो प्रत्येक दाराच्या वेळी म्हणायचा, हे मला नंतर कळलं.

सुलाबाई म्हणजे शेजारची. माणदेशातली. तिच्या सासऱ्याची, हरिबाची, मेंढरं होती. पाऊस पुरेना, चारा पुरेना, कळप निम्म्यावर आला, तेव्हा कळप थोरल्या मुलाकडे राहिला आणि धाकटा नानासो बायको-मुलीला घेऊन शहरात आला. तो स्लॅबच्या सेंट्रिंगवर, ती हळदीच्या वखारीत हळकुंडं निवडायला. संध्याकाळी ती घरी आली की माझ्यावर पहिला पडायचा तो तिचा पिवळा हात. माझ्या बदल्यात तिनं रहिमानला हरिबाच्या मेंढरांच्या लोकरीचं घोंगडं दिलं, आणि सौदा झाला.

नानासोची एकच अट होती. "रहिमानभाई, बिजागरी अशी लावा की दार वर उचललं की निघाय पायजे."

"मग ते चोरालाही निघंल की."

"चोराला कशाला घावतंय? आमी घरात न्हाई तवा दारबी घरात न्हाई."

रहिमाननं कारण विचारलं. तेव्हा नानासोनं सांगितलं. त्याचं घराणं दिवाळी झाली की मेंढरं घेऊन निघायचं ते पावसाच्या तोंडाला परत यायचं. निघताना दार बिजागरीतून काढायचं आणि शेजाऱ्याच्या घरात नेऊन ठेवायचं. घरात चोरण्यासारखं होतंच काय, सगळ्यात मोलाचं ते दारच. "आमचा आबा म्हनतोय, कुलूप लावलं की समद्यास्नी कळतंय घरात कोन न्हाई. आन् दार शेजारी ठिवलं की कळतंय, ही मानसं परत येनार."

मला ही रीत फार आवडली. दरवाजाच्या जातीला एका जागी उभं राहण्याचा कंटाळा असतो. वर्षातून एकदोनदा नूरजहांच्या घरी पाहुणा म्हणून जायचं, तिचा तरटाचा पडदा बाजूला करून तिच्या घराच्या तोंडाशी टेकून उभं राहायचं, तिच्या घरच्या फोडणीचा वास घ्यायचा, यात मला गंमत वाटायची. नूरजहांलाही तेवढे आठ दिवस दार मिळायचं. त्या दिवसांत ती दुपारी निवांत पाठ टेकायची.

एरवी मी सुलाबाईच्या घराला. आतून राणीनं, म्हणजे तिच्या मुलीनं, माझ्यावर खडूनं अभ्यासाचं वेळापत्रक लिहिलेलं असायचं आणि ते ती कधीच पाळायची नाही. माणसांची एक खोड मी इथं बघितली. "येते गं" असं म्हणून नूरजहां उठायची, माझ्यापाशी यायची आणि माझ्या चौकटीला टेकून पुढं अर्धा तास बोलायची. खरं बोलणं सगळं दारातच होतं. घरात बसून बायका नुसत्या चहा पितात. महापुराच्या साली मी चार दिवस पाण्यात होतो, तेव्हापासून खालून फुगलोय आणि उघडताना जमिनीला घासतो. त्या आवाजावरून नूरजहांला कळतं, सुलाबाई कामावर निघाली.

अशी वर्षं गेली. मग मोजणी आली.

भट्टीमाळाची जागा मोकळी करायची आणि राहणाऱ्यांना योजनेतून पक्क्या इमारतीत खोली द्यायची, हे चार वर्षं नुसतं ऐकू येत होतं. ज्याच्या घराची नोंद होईल त्याला खोली, ज्याची होणार नाही त्यानं आपलं आपण बघायचं. सुरुवातीला लोक रजा काढून घरी बसायचे. चार वेळा तारीख पुढं गेली तेव्हा रजा काढणं बंद झालं. गेल्या दिवाळीत हरिबाच्या मेंढरांची कातरण होती. कातरणीला सगळं घर लागतं, म्हणून सुलाबाई, नानासो आणि राणी गावी गेले. जाताना रीतीप्रमाणे नानासोनं मला उचललं आणि नूरजहांच्या घराच्या तोंडाशी नेऊन लावलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मोजणीचा माणूस दारात. इंद्रजित नावाचा तरुण होता, गळ्यात ओळखपत्र, एका हातात टॅब, दुसऱ्या हातात निळ्या रंगाचा डबा. बोलायला मऊ. "काकी, कागद दाखवा," म्हणाला. नूरजहां कागद शोधायला आत गेली. तेवढ्यात त्यानं माझ्या पत्र्यावर ब्रश फिरवला आणि आकडा काढला. सत्तेचाळीस.

नूरजहां कागद घेऊन बाहेर आली, आकडा बघितला आणि तिचा चेहरा पडला. "आवं साहेब, हे दार आमचं न्हाई."

"मग कुणाचं?"

"शेजारच्या वैनीचं. गावाला गेलीया."

इंद्रजितनं शेजारी नजर टाकली. तिथं मोकळी चौकट, आत अंधार, भांडी गाठोड्यात बांधून माळ्यावर. "त्या घराला तर दारच नाही. रिकामं म्हणून लिहिलं मी मघाशी, आणि ते वर कार्यालयात गेलंसुद्धा. आता मला खोडता येत नाही. तुमचं नाव सांगा, तुमचं तरी नीट होऊ दे."

नूरजहांनं तोंड उघडलं होतं. ते तिनं मिटलं. मी तिच्या अगदी जवळ होतो, मला दिसलं. अकरा वर्षं ती या माळावर राहत होती आणि पहिल्यांदा कुणीतरी तिचं नाव लिहून घेत होतं. जास्त बोललं आणि याचं बिनसलं तर? तिनं नाव सांगितलं, रहिमानचं सांगितलं, अर्फाचं सांगितलं. तो पुढच्या घराकडे गेला. मग ती माझ्या आड बसून रडली. मला तिचा राग आला होता, पण तो फार वेळ टिकला नाही.

पाच दिवसांनी सुलाबाई आली. गावाकडची बाजरी, एक डबा खरवस, अंगाला लोकरीचा वास. नेहमीसारखी हसत मला न्यायला आली आणि आकडा बघून थांबली. नूरजहांनं सगळं सांगितलं. गप्प बसले, हेही सांगितलं. ते सांगायची तशी गरज नव्हती.

नानासो भडकला. "दार आमचं हाय. आकडाबी आमच्या दारावर हाय. चल रं गड्या रहिमान, उचल, लाव आमच्या घराला."

रहिमान उठला. खरंच त्यानं मला हात घातला. पण सुलाबाई मधे आली.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "आकडा तिच्या घराचा हाय. दार काढलं आन् पुन्यांदा बघाय आले, तर तिचंबी रिकामं लिवतील. एकाचं तरी हुंदे."

"आन् आपलं?"

"आपलं बघू."

तेव्हापासून मी नूरजहांच्या घराला आणि सुलाबाईच्या घराला तरटाचा पडदा. पाच पावलांवर माझं घर आणि मी ते बघत उभा. वारा सुटला की पडदा उडायचा, कुत्री आत जायची. राणी सोळा वर्षांची पोर, कपडे बदलायला नूरजहांकडे यायची आणि माझी कडी आतून लावायची. सुलाबाईनं एकदाही तक्रार केली नाही. नूरजहांला मात्र खाल्लेलं गोड लागेना. दार असून ती दुपारी आडवी व्हायची बंद झाली.

यादी लागली. सत्तेचाळीस, नूरजहां रहिमान. त्याच्या अलीकडे सेहेचाळीस, ते तिसऱ्याच घराचं. मधलं सुलाबाईचं घर यादीत नव्हतंच. हरकत असेल त्यांनी कार्यालयात यावं, असं खाली लिहिलेलं.

सुलाबाईकडे पुरावा काय होता? रेशनकार्ड गावचं. विजेचा मीटर चार घरांत मिळून एक आणि तो भलत्याच्याच नावावर. रात्री जेवताना नूरजहां म्हणाली, "मी जाते वैनीसंगं. साहेबाला सांगते, दार त्यांचं हाय."

"खुळी का काय?" रहिमान म्हणाला. "आपलं नाव आलंय. तुझ्या घराला दार नव्हतं हे तूच सांगणार, आणि मग ते म्हणतील तुमचंबी घर रिकामंच हुतं."

"म्हणू देत," ती म्हणाली. जरा वेळानं रहिमान उठला आणि हातगाडा कुणाकडे मिळेल ते विचारायला गेला.

अशा रीतीनं मी कार्यालयात गेलो. गाड्यावर आडवा, दोरीनं बांधलेला, पुढून नानासो ओढतोय, मागून रहिमान ढकलतोय, बाजूनं दोघी. कार्यालयाच्या बोळात मला भिंतीशी उभा केला. फायली घेऊन जाणारा एक कारकून माझी कडी ओढून आत जाऊ लागला आणि मागं भिंत बघून ओशाळला. रांगेतली माणसं हसली. सुलाबाईसुद्धा हसली. त्या दिवसांत ती हसलेली मी तेवढ्याच वेळी पाहिली.

साहेबांपुढं नूरजहां उभी राहिली. तिचा आवाज स्वच्छ निघाला. "साहेब, सत्तेचाळीस नंबर माझा. पण ज्या दारावर तो घातलाय ते दार ह्यांचं हाय. गावाला जाताना ह्ये दार शेजारी ठिवून जात्यात, तशी ह्यांची रीत हाय. घर रिकामं नव्हतं. त्या दिशी मी बोलाय पायजे हुतं, बोलले न्हाई. माझ्या घराला दार न्हाईच, पडदा हाय. काय लिवायचं ते लिवा."

साहेबांनी चष्मा काढला. बोळात येऊन मला बघितलं, बिजागऱ्या बघितल्या. मग म्हणाले, "बाई, नंबर दाराला नसतो, जागेला असतो. तुमचं नाव राहील." पण मी नीट लक्षात ठेवलंय, हे तिला आधी ठाऊक नव्हतं. ठाऊक नसताना ती बोलली.

सुलाबाईला ते म्हणाले, "तुमची पाहणी पुन्हा करायला सांगतो. पंधरा दिवसांत कधीही माणूस येईल. तेव्हा घर राहतं दिसलं पाहिजे. या खेपेलाही मोकळं दिसलं, तर माझ्या हातात काही राहणार नाही."

घरी आल्यावर रहिमाननं पॉलिशपेपरनं माझ्यावरचा आकडा घासून काढला आणि मला माझ्या जागी चढवलं. घासून उघडा पडलेला पत्रा ऊन पडलं की चमकायचा. सुलाबाईनं वखारीत खाडे करायला सुरुवात केली. रोज सकाळपासून ती उंबऱ्यात. पाणी भरायलासुद्धा राणीला पाठवायची.

नवव्या दिवशी गावाहून फोन आला. हरिबा बोलायचा बंद झाला होता. काल रात्रीपर्यंत सुलाबाईचं नाव घेत होता म्हणे. सासू लवकर गेलेली, गावी असताना सासऱ्याचं सगळं हिनंच केलेलं.

"तुमी आन् राणी जावा," सुलाबाई म्हणाली. "मी दार राखते."

नानासोनं पिशवी भरली, चप्पल घातली, आणि सवयीनं त्याचे दोन्ही हात माझ्याकडे आले. त्यानं मला वीतभर उचललं. मग त्याच्या ध्यानात आलं आणि तो तसाच मला धरून उभा राहिला. माणसाचं रडं असं दोन्ही हात गुंतलेले असताना येतं तेव्हा बघवत नाही.

नूरजहां पलीकडून आली. तिनं मला वरून दाबून परत बिजागरीत बसवलं. "ह्या खेपेला दार हितंच ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "मीच येते दाराकडं. वैनी, जावा तुमी. सासऱ्याचं त्वांड बघाय न्हाई गेलात तर जल्मभर डाचंल."

"आन् तुझं काम? तुझं घर?"

"अर्फा हाय, अर्फाचा बा हाय. जावा म्हंते न्हवं."

ते गेले. नूरजहां आपला तवा, एक चादर आणि नमाजाची चटई घेऊन सुलाबाईच्या घरात राहायला आली. देवाची तसबीर पूर्वेच्या भिंतीला, हिची चटई पश्चिमेच्या बाजूला, त्यामुळे कुणाची कुणाला अडचण झाली नाही. राणीनं सांगून ठेवलं होतं म्हणून तिन्हीसांजेला ती दिवाही लावायची. दिवसभर मी उघडा आणि ती उंबऱ्यात लसूण सोलत बसलेली.

चौथ्या दिवशी दुपारी इंद्रजित आला. त्यानं तिला लगेच ओळखलं. "काकी, तुम्ही सत्तेचाळीसच्या ना? मग इथं कशा?"

दोन घरं अडवून बसली असं लिहिलं तर दोन्ही गेली.

"बसलेय," नूरजहां म्हणाली. "घर सुलाबाईचं हाय. सासरा लय आजारी हाय तिचा. गावाला गेलीया."

"म्हणजे या वेळीही घरात घरचं कुणी नाही."

"मागच्या खेपेला मी गप बसले, बाळा. ह्या खेपेला न्हाई बसनार. आत ये. चूल बघ. ही तिची वखारीतली साडी, हळदीनं पिवळी झाल्याली. हे नानासोचं कामावरचं हेल्मेट. ह्या दारावर आतनं पोरीनं काय लिवलंय ते वाच. मोकळ्या घरात कोन आब्यास करतंय?"

त्यानं माझ्यापाशी येऊन वेळापत्रक वाचलं. पहाटे पाचला गणित, असं होतं. जरा हसला. मग म्हणाला, "त्यांना फोन लावा. त्यांच्या तोंडून नाव आलं तर मला लिहिता येईल."

नूरजहांनं फोन लावला आणि आवाज मोठा केला. पलीकडून आधी रडणंच ऐकू आलं, पुष्कळ बायकांचं. हरिबा त्याच सकाळी गेला होता. अजून उचललं नव्हतं.

"नूरभाभी," सुलाबाईचा आवाज आला, "आबा गेला गं."

नूरजहांनं पदर तोंडाला लावला. फोन तिच्या हातातून इंद्रजितनं घेतला. अगदी हळू म्हणाला, "ताई, मी पाहणीला आलोय. आत्ता विचारू नये, पण मला उद्या परत येता येणार नाही. तुमचं पूर्ण नाव सांगाल का?"

रडण्याचा आवाज जरा लांब गेला, ती बाजूला सरकली असावी. मग तिनं सांगितलं. सुलाबाई नानासो, आणि पुढं आडनाव. घरात माणसं किती, तीन. किती वर्षं राहता, दहा. एकेक उत्तर देताना ती थांबायची, मागून कुणीतरी तिला हाक मारायचं, आणि ती पुन्हा फोनवर यायची. सासऱ्याला उचलायच्या आधी ती शहरातल्या आपल्या घराची नोंद करत होती. मी एवढी वर्षं माणसांच्या सुखदुःखाच्या मधे उभा आहे, पण इतकं अवघड बोलणं माझ्या कानावर कधी आलं नव्हतं.

इंद्रजितनं लिहून घेतलं, नूरजहांची सही साक्षीदार म्हणून घेतली, आणि निळा ब्रश काढला. रहिमाननं घासलेल्या जागीच त्यानं आकडा काढला, एकशे बारा. त्याचा रंग वाळेपर्यंत नूरजहां माझ्याशेजारी उभी होती, कुणाचा धक्का लागू नये म्हणून. तेवढा वेळ मला खरोखर जपून हाताळलं गेलं.

सुतक फिटल्यावर सुलाबाई परत आली. आकड्याला हात न लावता ती बराच वेळ बघत राहिली. मग पलीकडे गेली, नूरजहांच्या पडद्याआड, आणि दोघी किती वेळ आत होत्या ते मला सांगता येणार नाही. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांचं खरं बोलणं दारात झालं नाही.

पुरवणी यादीत सुलाबाईचं नाव आलंय. इमारती शहराच्या दुसऱ्या अंगाला उभ्या राहताहेत, सात की आठ. कुणाला कुठली खोली ते चिठ्ठ्या टाकून ठरणार आहे. तिथं सगळी दारं एका मापाची, मशीनवर केलेली. मला तिथं कुणी नेणार नाही हे मला समजतं, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. फळ्या फुगल्यात, पत्रा खालून गंजलाय, दरवाजाचं आयुष्य असतं तेवढं मी जगलोय.

फक्त एक मागणं आहे, ज्यांच्या हातात त्या चिठ्ठ्या आहेत त्यांच्याकडे. एकीला या टोकाच्या इमारतीत आणि दुसरीला त्या टोकाच्या इमारतीत टाकू नका. तुमच्या कागदावर एक सत्तेचाळीस आहे आणि एक एकशे बारा, लांब-लांबचे दिसतात. प्रत्यक्षात ते शेजारी आहेत. गावाकडे कुणी आजारी पडतं, कुणी जातं, माणसाला घर टाकून निघावं लागतं. तेव्हा चार दिवस येऊन उंबऱ्यात बसणारी बाई नव्या ठिकाणी लगेच मिळत नाही. या दोघींना एका मजल्यावर द्या, जमलं तर समोरासमोर. एवढं केलंत तर मला जळणात घातलंत तरी माझी तक्रार नाही.